घरचा प्रश्न प्रयोगशाळेत

१७९२ साली जॉन डाल्टन नावाचा इंग्लंडमधला एक तरुण शाळामास्तर जिरेनियमच्या एका फुलापाशी अडला. दिवसाउजेडी ते फूल त्याला आकाशासारखं निळं दिसायचं. संध्याकाळी मेणबत्तीच्या उजेडात पाहिलं तर तेच फूल चक्क लाल, निळ्याचा मागमूसही नाही. त्याने मित्रांना ते दाखवलं, पण त्यांना त्यात काही नवल वाटेना. त्यांच्या लेखी फूल दिवसा गुलाबी होतं आणि रात्रीही साधारण तसंच. डाल्टनला दिसणारी गंमत आणखी एकाच माणसाला दिसत होती, त्याच्या सख्ख्या भावाला.

तोवर डाल्टनची समजूत अशी होती की रंगांना नावं देताना लोकच गफलत करतात. गुलाबी आणि लाल हे जवळचे रंग असं सगळे म्हणत, त्याला गुलाबी निळ्याच्या जवळचा वाटे. आता त्याला कळलं की गडबड नावांत नाही, आपल्या डोळ्यांत आहे. मग त्याने स्वतःचेच डोळे अभ्यासाला घेतले. ३१ ऑक्टोबर १७९४ रोजी मँचेस्टरच्या लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीत त्याने आपल्या दृष्टीवर निबंध वाचला. पाकिटावर मोहोर उठवायची लाल लाखेची कांडी आणि लॉरेलचं हिरवं पान आपल्याला एकाच रंगाचं दिसतं, रक्त गडद हिरव्या बाटलीसारखं दिसतं, इंद्रधनुष्याच्या पट्ट्यातला लाल भाग म्हणजे जेमतेम एक सावली, हे सगळं त्याने नोंदवलं. माणसाने आपल्याच रंगांधळेपणाचं इतकं बारकाईने केलेलं वर्णन त्याआधी क्वचितच कुणी वाचलं असेल.

त्याने कारणही सुचवलं. डोळ्याच्या आत जो पारदर्शक, जेलीसारखा द्रव असतो, तो आपल्या डोळ्यांत निळसर असावा आणि लाल प्रकाश गिळून टाकत असावा, असा त्याचा तर्क होता. जिवंतपणी हे तपासण्याची सोय नव्हती. म्हणून त्याने सांगून ठेवलं की मी मेल्यावर माझे डोळे उघडून पाहा. पुढे हाच डाल्टन अणुसिद्धांतामुळे जगप्रसिद्ध झाला. २७ जुलै १८४४ रोजी तो गेला आणि दुसऱ्याच दिवशी जोसेफ रॅन्सम या डॉक्टरांनी त्याची इच्छा पुरी केली. एका डोळ्यातला द्रव त्यांनी काचेच्या वाटीत काढला, तर तो पाण्यासारखा नितळ निघाला. दुसऱ्या डोळ्याला मागून छेद देऊन त्यातून लाल-हिरव्या वस्तू पाहिल्या, त्यांच्या रंगांत काहीही फरक पडेना. डाल्टनचा तर्क साफ चुकला होता.

पण डोळे जपून ठेवले गेले. दीडशे वर्षांनी, १९९५ साली, लंडन आणि केंब्रिजच्या संशोधकांनी त्यांतल्या वाळलेल्या ऊतीतून डीएनए मिळवला. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर रंग टिपणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. त्यांतल्या हिरव्याच्या आसपासचा प्रकाश टिपणाऱ्या रंगद्रव्याचं जनुक डाल्टनच्या डीएनएमध्ये नव्हतं. थॉमस यंग या दिग्गजाने अंदाज केला होता की डाल्टनकडे लाल टिपणारी यंत्रणा नसावी. तोही चुकला होता. हे जनुक एक्स गुणसूत्रावर बसतं. मुलाला ते गुणसूत्र फक्त आईकडून मिळतं, म्हणून हा दोष पुरुषांत फार जास्त आणि दोन सख्ख्या भावांत एकत्र आढळणं अगदी साहजिक. जिरेनियमपाशी फक्त भावाने मान डोलावली, त्याचं उत्तर तिथे होतं.

मला या हकिकतीतलं मोठं नवल वाटतं ते हे की प्रश्न अचूक होता, उत्तर सपशेल चूक होतं आणि तरीही खरं उत्तर मिळालं ते प्रश्न विचारणाऱ्याच्याच देहातून. स्वतःला पडलेला प्रश्न घेऊन त्याने तो सगळ्यांच्या हवाली केला. आपलं म्हणणं खोटं ठरवण्याचं साधनही त्याने स्वतःच देऊन ठेवलं.

संशोधकाने आपल्या विषयापासून चार हात दूर राहावं, असं आपल्याला शिकवलं जातं. ज्याचं घर जळतंय त्याने आगीवर प्रबंध लिहू नये, कारण त्याचे डोळे धुराने भरलेले असणार. हा आक्षेप हलका नाही. समाजशास्त्रात तर तो नेहमीच घेतला जातो. म्हणून आधी आपल्याच मातीतली दोन माणसं पाहू.

९ मे १९१६. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात २५ वर्षांचे भीमराव आंबेडकर जातीच्या उगमावर निबंध वाचत होते. वक्त्याने जात पुस्तकातून जाणली नव्हती. लहानपणी वडिलांना भेटायला कोरेगावला निघालेल्या या मुलाला आणि त्याच्या सोबतच्या घरच्या मुलांना मसूर स्टेशनवर एकही गाडीवान गाडीत घ्यायला तयार नव्हता. शेवटी दुप्पट भाडं देऊन, गाडी स्वतः हाकायची या अटीवर गाडी मिळाली, आणि रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही. हे त्यांनी पुढे आठवणींत लिहिलं. १९१६ च्या निबंधात मात्र ते येत नाही. तिथे आहे ती थंड डोक्याने केलेली मांडणी. जातीचं मर्म त्यांनी शोधलं ते जातीतल्या जातीतच लग्न करण्याच्या सक्तीत. एखाद्या गटाने ही सक्ती टिकवायची म्हटली तर स्त्री-पुरुषांची संख्या जुळती ठेवावी लागते. नवरा मेला की बायको ‘जास्तीची’ होते, बायको मेली की नवरा. या जास्तीच्या माणसांचं काय करायचं, या हिशेबातून त्यांनी सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही रूढी उलगडून दाखवल्या. ज्याला गाडीत बसू दिलं नव्हतं, त्याने गाडीच्या चाकांची रचना खोलून दाखवली.

इरावती कर्वे यांची वाट वेगळी. १९२८ साली मुंबई विद्यापीठात गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली त्यांनी एम.ए.साठी विषय घेतला तो चित्पावन ब्राह्मणांचा, म्हणजे स्वतःच्याच जातीचा. मग त्या बर्लिनला गेल्या. तिथले त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे होते. माणसाच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात, आणि त्याचा संबंध वंशाशी आहे असं त्यांना दाखवायचं होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा काही संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष मार्गदर्शकापुढे ठेवला. जवळचा विषय घेतलेल्या माणसाची नजर गढूळ होते असं म्हणणाऱ्यांनी या गोष्टीतली खरी गढूळ नजर कुणाची होती ते पाहावं.

आता अमेरिकेतल्या एका घरात जाऊ. स्वतःच्या घरातला प्रश्न कुठवर नेता येतो, याचं मला माहीत असलेलं सगळ्यांत थक्क करणारं उदाहरण हे आहे.

१९६८ सालच्या एका सकाळी लॉस एंजेलिसमध्ये लिओनोर वेक्सलर नावाची ५३ वर्षांची बाई रस्ता ओलांडत होती. पोलिसाने तिला हटकलं. एवढ्या सकाळी दारू पिऊन फिरायला लाज नाही वाटत का, असं विचारलं. लिओनोर प्यायलेली नव्हती. तिची चाल बिघडली होती. तिला हंटिंग्टनचा आजार झाला होता.

हा आजार मेंदूच्या खोल भागातल्या, हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या पेशी मारत जातो. बहुतेकांना तो तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान गाठतो. हातपाय आपोआप हलू लागतात, चेहरा वेडावाकडा होतो, मग बोलणं, गिळणं, विचार करणं, एकेक गोष्ट हातची जाते. हे सारं दहा-वीस वर्षं चालतं. आई किंवा वडील यांपैकी एकाला आजार असेल तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता अर्धी असते, नाणं उडवल्यासारखी. लिओनोरचे वडील याच आजाराने १९२९ साली गेले, तेव्हा ती १५ वर्षांची होती. तो फक्त पुरुषांना होतो अशी तिची तेव्हा समजूत झाली होती. तिचे तिन्ही भाऊ त्यातच गेले. आणि यातली चटका लावणारी गोष्ट अशी की लिओनोर स्वतः शिकलेली प्राणिशास्त्रज्ञ होती. कोलंबिया विद्यापीठात, जिथे टॉमस हंट मॉर्गनने फळमाश्यांवर आनुवंशिकतेचा पाया घातला, तिथेच तिने फळमाश्यांवर काम करून पदव्युत्तर पदवी घेतली होती.

तिच्या निदानानंतर तिचे घटस्फोटित पती मिल्टन वेक्सलर यांनी दोन्ही मुलींना बोलावून सगळं सांगितलं. मिल्टन मनोविश्लेषक होते. थोरली अ‍ॅलिस २६ वर्षांची होती, धाकटी नॅन्सी २३ वर्षांची. दोघींनी त्याच दिवशी ठरवलं की आपण मुलं होऊ द्यायची नाहीत. मिल्टन यांनी मात्र आणखी एक गोष्ट ठरवली. त्यांनी या आजारावर काम करू शकतील अशा तरुण शास्त्रज्ञांना गोळा करायला सुरुवात केली. त्यातून हेरेडिटरी डिसीज फाउंडेशन उभं राहिलं. त्यांच्या बैठकांची पद्धत जगावेगळी होती. लिहून आणलेली भाषणं वाचायची नाहीत, स्लाइड दाखवायच्या नाहीत, नुसतं टेबलाभोवती बसून मोठ्याने विचार करायचा. बैठकीच्या आधी एखाद्या रुग्णाला किंवा त्याच्या घरच्यांना बोलावलं जाई, म्हणजे पेशी आणि रेणूंवर बोलणाऱ्यांना आपण कुणासाठी बोलतोय ते समोर दिसावं.

नॅन्सीने मानसशास्त्रात डॉक्टरेट केली, १९७४ साली, मिशिगन विद्यापीठातून. प्रबंधाचा विषय होता हंटिंग्टनचा धोका डोक्यावर घेऊन जगणारी माणसं. म्हणजे प्रबंधातल्या माणसांत ती स्वतःही होती. ही माणसं रोज काय अनुभवतात? हातातून कप निसटला, नाव आठवलं नाही, पायरी चुकली की लगेच, सुरू झालं की काय? इतरांच्या लेखी जो साधा धांदरटपणा, तो यांच्यासाठी निकालाचा दिवस. हे तिला कुणाला विचारून कळावं लागलं नसणार.

पुढचं वळण आलं एका फिल्ममुळे. जॉर्ज हंटिंग्टन या २२ वर्षांच्या डॉक्टरने या आजाराचं वर्णन १८७२ साली छापलं होतं. त्यालाही हा आजार घरच्या वाटेनेच दिसला होता. त्याचे आजोबा आणि वडील लाँग आयलंडवर डॉक्टर होते. लहानपणी वडिलांच्या घोडागाडीतून जाताना त्याने वाटेत वळवळत, वाकत चालणाऱ्या मायलेकी पाहिल्या होत्या. आजोबा-वडिलांच्या नोंदींमुळेच त्याला दिसलं की हे एकाच घराण्यात पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे. त्या लेखाच्या शताब्दीनिमित्त १९७२ साली अमेरिकेत परिषद भरली. तिथे एका व्हेनेझुएलन मानसोपचारतज्ज्ञाने माराकाइबो सरोवराच्या काठावरच्या वस्त्यांची फिल्म दाखवली. आमेरिको नेग्रेत्ते या तिथल्या डॉक्टरने १९५० च्या दशकातच त्या लोकांचा आजार ओळखला होता. फिल्ममध्ये एकाच गल्लीत, एकाच घरात, डझनांनी माणसं तसंच वळवळत चालताना दिसत होती. जगात इतरत्र हा आजार लाखात जेमतेम दहा जणांना. इथे घरटी रुग्ण.

१९७९ साली नॅन्सी तिथे पोहोचली आणि १९८१ पासून दरवर्षी पथक घेऊन जाऊ लागली. काही वस्त्या माराकाइबो शहराच्या कडेला, काही सरोवराच्या पाण्यात खांबांवर बांधलेल्या. माणसं गरीब, मासेमारीवर जगणारी. लोक आजाराला नुसतं ‘एल माल’ म्हणत, म्हणजे ती पीडा. त्यांना वाटे की ही पीडा फक्त आपल्याच रक्तात आहे. आणि आता हे गोरे लोक सुया घेऊन रक्त मागायला आले होते. कोण कशाला देईल?

एके दिवशी बिथरलेल्या गर्दीपुढे पथकातल्या एका परिचारिकेने नॅन्सीचा हात धरून वर केला आणि दंडावरचा एक व्रण सगळ्यांना दाखवला. संशोधनासाठी नॅन्सीने स्वतःच्या कातडीचा तुकडा दिला होता, त्याची ती खूण होती. परिचारिका ओरडून सांगू लागली, हिच्या आईलाही हा आजार होता, हिलाही होऊ शकतो, हिनेही रक्त दिलंय, कातडी दिलीय, ही बघा खूण! लोक चकित झाले. अमेरिकेतही ही पीडा आहे? ही बाई आमच्यासारखीच? त्यानंतर हात पुढे येऊ लागले. एखादा दूरचा, अलिप्त शास्त्रज्ञ कितीही हुशार असता तरी तो व्रण त्याला कुठून आणता आला असता?

नॅन्सीच्या पथकाने घराघरांत बसून वंशावळी काढल्या. कुणाचा बाप कोण, कुणाची दुसरी बायको कोण, कुठलं मूल कुणाचं, हे नाजूक हिशेब विचारले. भिंतभर कागद जोडत गेले. शेवटी त्या झाडात १८ हजारांहून जास्त माणसं आली, दहा पिढ्यांची, आणि हजारो जणांचं रक्त बॉस्टनला पोहोचलं. त्यातले बहुतेक रुग्ण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे राहणाऱ्या मारिया कॉन्सेप्सिओन सोतो या एका बाईचे वंशज निघाले.

आता प्रश्न असा की जे जनुक कुणी पाहिलेलंच नाही, जे काय करतं हेही माहीत नाही, ते तीन अब्ज अक्षरांच्या डीएनएत शोधायचं कसं? इथे नव्याने सुचलेली एक युक्ती कामाला आली. डीएनएमध्ये ठिकठिकाणी माणसामाणसांत थोडा फरक असलेल्या जागा असतात. त्या स्वतः निरुपद्रवी असतात, पण ओळखता येतात. वारीच्या गर्दीत आपला माणूस दिसत नसला तरी तो ज्या दिंडीबरोबर चालतो तिची पताका लांबून दिसते आणि पताका सापडली की माणूस तिच्या आसपासच असणार हे कळतं. तसंच इथे. डीएनएतली एखादी खूण जर त्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या आजाराबरोबरच चालत आलेली दिसली, तर दोषी जनुक त्या खुणेच्या शेजारीच बसलेलं असणार. पण ही सोबत योगायोगाची नाही हे ठरवायला प्रचंड मोठं कुटुंब हवं, आणि तेच माराकाइबोने दिलं होतं.

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जेम्स गुसेला या तरुण संशोधकाने खुणा तपासायला घेतल्या. शेकडो, कदाचित हजारो तपासाव्या लागतील, दशकं जातील, असं जाणकारांचं म्हणणं होतं. पहिल्या डझनभर खुणांमध्येच एक लागू पडली! चौथ्या गुणसूत्रावर. नोव्हेंबर १९८३ मध्ये ‘नेचर’मध्ये तो शोध छापून आला. डीएनएच्या अशा खुणांवरून, आधी काहीच पत्ता नसलेल्या एखाद्या आजाराचं गुणसूत्रावरचं ठिकाण इतक्या झपाट्याने सापडणं ही त्या काळी अचंब्याची गोष्ट होती. वैद्यकातल्या जनुकशोधाच्या एका संपूर्ण युगाला तिथून बळ मिळालं.

नशीब तिथेच संपलं. नेमकं जनुक हाती यायला आणखी दहा वर्षं लागली. १९९३ साली सहा प्रयोगशाळांतल्या ५८ शास्त्रज्ञांनी मिळून ते जाहीर केलं. दोष विलक्षण साधा निघाला. त्या जनुकात सी, ए, जी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. तुमच्या-माझ्यात बहुधा विसेक वेळा. ती चाळीस किंवा त्याहून जास्त वेळा आली की आजार होणारच, आणि आवर्तनं जितकी जास्त तितका तो लवकर. माणसाचं सारं चालणं-बोलणं अवलंबून होतं ते तीन अक्षरांच्या तोतरेपणावर!

खूण सापडल्यामुळे १९८६ पासून आजार होणार की नाही हे आधीच सांगणारी चाचणी शक्य झाली. आणि इथे नॅन्सीने जे केलं त्याचं मोल मला जनुकाच्या शोधाइतकंच वाटतं. उत्तर हाती येण्याआधीच, उत्तर ऐकणाऱ्याचं काय होईल हे तिला ठाऊक होतं. उपाय नसलेल्या आजाराची खबर फोनवरून किंवा पत्राने द्यायची नाही, आधी समुपदेशन झालं पाहिजे, आणि माहिती करून न घेण्याचाही माणसाला हक्क आहे, असा आग्रह तिने धरला. पुढे मानवी जनुकसंचाच्या महाप्रकल्पात नैतिक, कायदेशीर आणि सामाजिक प्रश्नांसाठी जो कार्यगट नेमला गेला, त्याचं अध्यक्षपद तिच्याकडे आलं. आज धोका असलेले बहुसंख्य लोक ती चाचणी न करण्याचा पर्याय निवडतात. नॅन्सीने स्वतःबद्दल वर्षानुवर्षं जाहीरपणे काही सांगितलं नाही. मार्च २०२० मध्ये, ७४ व्या वर्षी, तिने सांगितलं की आपल्यालाही आजार झाला आहे.

थोरली बहीण अ‍ॅलिस इतिहासकार झाली. तीही त्याच प्रश्नाकडे गेली, पण दफ्तरखान्यांतून. १८०६ साली लाँग आयलंडवर फीबी हेजेस नावाची बाई समुद्रात चालत गेली आणि परतली नाही, तिच्या घराण्यात हाच आजार होता. अशा घराण्यांना शेजाऱ्यांनी कसं वागवलं, लाज आणि गुप्तता कशी वाढत गेली, हे अ‍ॅलिसने पुस्तकांतून लिहिलं. एका आईच्या दोन मुली, एकीने रक्त तपासलं, दुसरीने कागद.

माराकाइबोच्या लोकांच्या पदरात काय पडलं, हे विचारल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. १९९९ साली तिथे रुग्णांसाठी एक सेवागृह सुरू झालं, फाउंडेशनच्या मदतीने. पुढे तेही बंद पडलं. ज्यांच्या रक्तातून जगाला उत्तर मिळालं त्यांच्या वस्त्या आजही गरिबीत आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये एका जनुकोपचाराच्या छोट्या चाचणीत, जास्त मात्रा दिलेल्या रुग्णांमध्ये तीन वर्षांत आजाराची गती सुमारे ७५ टक्क्यांनी मंदावल्याचं कंपनीने जाहीर केलं. त्यासाठी मेंदूत खोलवर शस्त्रक्रिया लागते. असा उपचार त्या पाण्यावरच्या घरांपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी विज्ञानावर आहे, असं मला मनापासून वाटतं.

नॅन्सीची वाट आता एक जोडपंही चालतंय. २०१० साली सोनिया वल्लभ या भारतीय वंशाच्या अमेरिकन तरुणीची आई काही महिन्यांत हातची गेली. आधी विसराळूपणा, मग भ्रम, मग काहीच उरलं नाही. शवचिकित्सेत निदान झालं प्रायॉनच्या आनुवंशिक आजाराचं. आपल्या सगळ्यांच्या मेंदूत पीआरपी नावाचं एक निरुपद्रवी प्रथिन असतं. त्याची घडी चुकली की ते शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही आपल्यासारखंच चुकीचं वळण लावतं, ते पुढच्याला, आणि बघता बघता मेंदू जातो. लक्षणं दिसल्यावर आयुष्य उरतं ते बहुधा महिन्यांत मोजण्याइतकं. २०११ च्या डिसेंबरमध्ये सोनियाने चाचणी केली. दोष तिच्यातही होता.

सोनिया नुकतीच हार्वर्डमधून वकील होऊन बाहेर पडली होती. नवरा एरिक मिनिकेल वाहतूक-नियोजनात होता. दोघांनीही जीवशास्त्र धड शिकलेलं नव्हतं. त्यांनी संध्याकाळचे वर्ग लावले, नोकऱ्या सोडल्या, प्रयोगशाळेत उमेदवारी केली, मग दोघांनीही हार्वर्डमधून पीएच.डी. केली. आज बॉस्टनजवळच्या ब्रॉड इन्स्टिट्यूटमध्ये ते मिळून प्रयोगशाळा चालवतात.

२०१६ साली एरिकने छापलेलं एक काम मला फार धैर्याचं वाटतं. प्रायॉन जनुकातले जे बदल हमखास जीवघेणे मानले जात, ते खरंच तसे आहेत का? त्याने आणि सहकाऱ्यांनी १६ हजारांवर रुग्णांची माहिती आणि ६० हजारांवर इतर माणसांचे जनुकसंच पडताळले, शिवाय एका जनुकचाचणी कंपनीच्या लाखो ग्राहकांची माहिती जमेस धरली. काही बदल मानले जात तितके घातक नाहीत असं निघालं. ज्यांना डॉक्टरांनी आशा सोडायला लावली होती, अशा काही घरांना त्यामुळे दिलासा मिळाला. सोनियाचा बदल मात्र त्या यादीत नव्हता. तो जीवघेणाच ठरला. बायकोच्या जिवाचा प्रश्न आकडेवारीपुढे ठेवायचा, हवं ते उत्तर आलं नाही तर तेही जसंच्या तसं छापायचं. मघाचा तो चार हात दूर राहण्याचा आक्षेप या कागदापुढे मला टिकताना दिसत नाही.

त्याच कामात आणखी एक गोष्ट हाती लागली. या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक निकामी असलेली काही माणसं त्यांना सापडली, आणि ती ठणठणीत होती. प्रयोगशाळेत पीआरपी काढून टाकलेले उंदीर जगतात हे आधीपासून माहीत होतं. नॉर्वेत तर निसर्गतःच हे प्रथिन नसलेल्या दुभत्या शेळ्या आहेत. मग सरळ प्रश्न उभा राहतो. वाकडं वळण घेणारं प्रथिन मुळातच कमी केलं तर? त्याच्या संदेशवाहक आरएनएला चिकटून त्याला नष्ट करणारे छोटे कृत्रिम रेणू पाठीच्या कण्यातून सोडता येतात. प्रायॉनची लागण केलेल्या उंदरांमध्ये अशा रेणूंनी आयुष्य बरंच वाढलं. जानेवारी २०२५ मध्ये छापलेल्या दुसऱ्या एका प्रयोगात जनुकातलं एकच अक्षर बदलून उंदरांचं आयुष्य सुमारे ५२ टक्क्यांनी वाढवता आलं.

आरएनए रोखणाऱ्या औषधाची माणसांवरची पहिली चाचणी सुरू झाली आणि २०२४ च्या सुरुवातीपासून रुग्णांना मात्रा मिळू लागल्या. सध्या ती लक्षणं दिसू लागलेल्या रुग्णांपुरती आहे. सोनियासारख्या, अंगात दोष असूनही अजून धडधाकट असलेल्या माणसांना औषध द्यायचं तर ते काम करतंय हे ओळखायचं कसं? आजार सुरूच झालेला नाही, मग तो थांबला हे कशावरून म्हणायचं? मणक्यातल्या द्रवात पीआरपीचं प्रमाण किती घटलं, हीच कसोटी धरावी, असं हे दोघं २०१७ पासून अमेरिकेच्या औषध नियामकांपुढे मांडत आले आहेत. त्यासाठी धडधाकट वाहकांकडून वर्षानुवर्षं तो द्रव घेऊन त्यातलं प्रमाण एरवी किती स्थिर राहतं, हे मोजण्याचं कामही त्यांनी औषध तयार होण्याआधीच सुरू करून ठेवलं आहे.